नेपोलियन नव्हे, आर्चड्यूक

१८०५ सालच्या डिसेंबरात दोन दिवसांच्या अंतराने दोन तह झाले. २४ डिसेंबरला पंजाबात, बियास नदीच्या काठी राजघाट इथे यशवंतराव होळकरांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. २६ डिसेंबरला डॅन्यूब नदीकाठच्या प्रेसबुर्ग शहरात, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, ऑस्ट्रियाच्या सम्राटाने नेपोलियनशी तह केला. दोन्ही ठिकाणी सही करणारा हरला होता, पण संपला नव्हता. दोघांनीही आपल्याहून शिस्तबद्ध, श्रीमंत आणि भुकेल्या सत्तेशी झुंज घेतली होती, आणि दोघांनाही ऐन वेळी शेजाऱ्यांनी हवी तशी साथ दिली नव्हती.

आपल्याकडे यशवंतरावांना ‘भारताचा नेपोलियन’ म्हणायची जुनी सवय आहे. कौतुकाच्या भरात ती पडली असणार, पण उपमा चुकीच्या माणसाची आहे. नेपोलियन दुसऱ्यांच्या देशांत घुसत होता. त्याच्या पाठीशी फ्रान्सचं अख्खं सरकार, सक्तीची सैन्यभरती आणि करवसुली होती. यशवंतरावांच्या पाठीशी कोणतं सरकार होतं? त्यांना आधी स्वतःच्या घरातली गादी मिळवावी लागली, मग स्वतःच फौज उभी करावी लागली आणि त्या फौजेच्या पगारासाठी मुलूख लुटावा लागला. युरोपच्या त्या पटावर त्यांना जागा द्यायचीच तर ती समोरच्या बाजूला, ऑस्ट्रियाच्या छावणीत सापडते.

त्या छावणीतला सर्वांत मोठा सेनापती म्हणजे आर्चड्यूक कार्ल. जन्म १७७१, सम्राट फ्रान्त्सचा सख्खा भाऊ. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. वयाच्या पंचविशीत, १७९६ साली, त्याने राइन नदीच्या परिसरात फ्रेंचांच्या दोन फौजांना एकामागून एक मागे रेटलं. १८०५ साली जनरल माक हा त्याचा सहकारी उल्म इथे अडकला आणि ऑक्टोबरात हजारो सैनिकांसह नेपोलियनला शरण गेला. त्या वेळी कार्ल इटलीच्या आघाडीवर होता. २ डिसेंबरला ऑस्टरलिट्झला जो निकाल लागला त्या लढाईतही तो नव्हता. पण पराभवानंतर लष्कराची पुनर्रचना करायचं काम त्याच्याच हाती आलं. त्याने शिस्त सुधारली, राखीव नागरी दल उभारलं, आणि २१-२२ मे १८०९ रोजी व्हिएन्नाजवळ आस्पर्न-एसलिंग इथे खुद्द नेपोलियनला मागे हटवलं. सम्राट झाल्यापासून नेपोलियनने समोरासमोर खाल्लेला तो पहिला मोठा मार. जुलैत वाग्रामला कार्ल हरला आणि त्या युद्धानंतर रणांगणावर परतला नाही.

एवढं मनात ठेवून आता आपल्या माणसाकडे यावं.

यशवंतरावांचा जन्म १७७६ सालचा, पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळच्या वाफगावचा. वडील तुकोजीराव होळकर. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत होळकरांची फौज हेच तुकोजी सांभाळत. काशीराव आणि मल्हारराव हे तुकोजींचे औरस मुलगे; यशवंतराव आणि विठोजी हे दुसऱ्या स्त्रीपासूनचे. म्हणजे गादीवर त्यांचा रीतसर हक्क नव्हता. पुढे सगळी सत्ता हाती आल्यावरही बराच काळ यशवंतरावांनी कारभार चालवला तो मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याच्या नावाने. माळव्यात अनेक वर्षं वावरलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचं जे वर्णन करून ठेवलं आहे ते वाचण्यासारखं आहे: फारसी समजे, मराठी नीट लिहिता येई, हिशोबात तरबेज, आणि घोड्यावर व भाल्यात हात धरणारा विरळा. बंदूक फुटून एक डोळा गेलेला. शत्रूच्या लेखणीतून आलेलं असल्यामुळे हे वर्णन खुशामतीचं नक्कीच नाही.

ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी पुण्यात वारले. मुलांमध्ये वारसाचा तंटा लागला आणि त्यात दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली. सप्टेंबरात शिंद्यांच्या फौजेने पुण्याजवळच मल्हाररावांच्या छावणीवर अचानक छापा घातला, त्यात मल्हारराव मारले गेले. यशवंतराव निसटले आणि आश्रयाला नागपूरला गेले. तिथे रघुजी भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकलं. कैदेतून पळून ते धारला आनंदराव पवारांकडे पोचले, तेव्हा सोबत मूठभर स्वारच होते. भिल्ल, पिंढारी, पठाण, जे मिळतील त्यांना घेऊन फौज जमू लागली. अमीरखान पठाण इथेच साथीला आला आणि पुढे त्यांच्या अनेक मोठ्या मोहिमांत दिसतो. १७९८ च्या अखेरीस महेश्वरजवळ कसरावदला त्यांनी शेव्हालिए दुद्रनेक या फ्रेंच सेनापतीच्या कवायती पलटणींचा पराभव केला. दुद्रनेक तोवर काशीरावांच्या बाजूने लढत होता. हरल्यावर तो पलटणींसह यशवंतरावांकडेच नोकरीला लागला!

हा दुद्रनेक त्या काळचा एक नमुना. १७८४ पासून महादजी शिंद्यांनी सव्हॉयच्या बन्वा द ब्वान्य याच्याकडून युरोपियन धर्तीच्या पलटणी उभ्या करून घेतल्या, आणि मग मराठी सरदारांकडे परदेशी अधिकाऱ्यांची रीघ लागली. फ्रेंच, इंग्रज, डच, नेपल्सचे इटालियन, हॅनोव्हरचे जर्मन. असईच्या लढाईत शिंद्यांच्या पायदळावर हुकूम चालवणारा पोलमन हॅनोव्हरचाच. त्यांची निष्ठा पगाराइतकीच लांब असे. यशवंतरावांनी या अधिकाऱ्यांचा उपयोग करून घेतला, पण भरवसा ठेवला तो स्वारांवर, आणि तो शहाणपणा पुढे कामी आला.

१८०१ हे साल त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत कडवट. एप्रिलमध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावाने विठोजीला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. जुलैत यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या कवायती फौजेचा धुव्वा उडवला, तिचे बहुतेक युरोपियन अधिकारी त्या दिवशी कापले गेले. पण १४ ऑक्टोबरला इंदूरजवळ सदरलंडच्या हाताखालच्या शिंद्यांच्या पलटणींनी याचं उट्टं काढलं. यशवंतरावांचा तोफखाना गेला, शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर धुऊन नेलं, दुद्रनेकही पुढे शिंद्यांना जाऊन मिळाला. एखाद्याची कारकीर्द इथे संपली असती.

त्यानंतर जे घडलं ते खरोखर थक्क करणारं आहे. इंदूरच्या पराभवाला वर्ष उलटून जेमतेम अकरा दिवस झाले होते, तेव्हा २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव पुण्याच्या वेशीवर हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेसमोर उभे होते. तोपर्यंत नव्या पलटणी, नव्या तोफा, नवे अधिकारी तयार झाले होते. शिंद्यांच्या बाजूला सदाशिवराव भास्कर बक्षी आणि द ब्वान्यच्या तालमीतली, कॅप्टन डॉसच्या हाताखालची पायदळं होती. लढाईच्या मध्यावर होळकरांची स्वारफौज बिथरून मागे फिरली. यशवंतरावांनी स्वतः घोडा पुढे घातला, स्वार वळवले आणि शिंद्यांच्या तोफांवर चालून गेले. डॉस पडला, शिंद्यांचा तोफखाना हाती आला. मराठी राज्याच्या राजधानीबाहेर मराठ्यांनीच मराठ्यांचा केलेला हा सर्वांत मोठा पराभव.

बाजीराव लढाईचा रंग पाहून सिंहगडाकडे निघाला. तिथून महाड, सुवर्णदुर्ग असं करत, इंग्रजी जहाजाच्या आश्रयाने तो डिसेंबरात वसईला उतरला.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या उत्तरेकडच्या मीरा रोडचं बेव्हर्ली पार्क आणि वसईचा किल्ला यांत सरळ रेषेत दहा किलोमीटरही अंतर नाही. मध्ये भाईंदरची मिठागरं आणि वसईची खाडी, बस्स. भाईंदर सुटलं की लोकल खाडीवरच्या पुलावर येते, नायगाव ओलांडून वसई रोडला पोचते. उतारू डबा बदलायलाही उठत नाहीत. १८०२ साली मात्र ही खाडी दोन राज्यांची हद्द होती. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि साष्टी बेट बळकावलं, तेव्हा मीरा-भाईंदरची जमीनही त्यांच्याकडे गेली. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून जिंकलेली वसई १७८० मध्ये जनरल गॉडर्डने घेतली होती, पण १७८२ च्या सालबाईच्या तहात ती मराठ्यांना परत मिळाली, साष्टी नाही. म्हणून बाजीराव ज्या वसईत येऊन थांबला ती नावाला त्याचीच होती. फक्त खाडीच्या दक्षिण काठापासून कंपनीचं राज्य सुरू होत होतं. आश्रयही आणि अब्रूही राखायची असेल तर याहून सोयीची जागा नव्हती. मला तर वाटतं, वसईची निवड हाच त्या तहाचा निम्मा मजकूर होता.

३१ डिसेंबर १८०२ रोजी कर्नल बॅरी क्लोजसोबत तह झाला. कंपनीने पेशव्यांच्या मुलखात किमान सहा पलटणींची कायम फौज तोफांसह ठेवायची. तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. सुरतेवरचा हक्क सोडायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. इंग्रजांच्या शत्रू देशांतली माणसं नोकरीत ठेवायची नाहीत. इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी लढाई वा बोलणी करायची नाहीत. पेशवा परत गादीवर बसणार होता, पण पेशवाई मात्र त्या दिवशी गेली.

आणि हे घडवून आणलं कोणी? यशवंतरावांच्या विजयाने. ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड गाठ आहे आणि चरित्रकारांनी ती झाकू नये. बाजीरावाला परत येण्याचे निरोप त्यांनी पाठवले, तो येत नाही म्हटल्यावर त्याचे दत्तक भाऊ अमृतराव यांना पुढे करून कारभार चालवून पाहिला. पण फौजेला पगार द्यायचा होता. सुरुवातीला पुण्यात बऱ्यापैकी शिस्त राहिली, मग सावकारांच्या घरांची झडती सुरू झाली. भोवतालच्या गावांतून फौजांनी आणि पिंढाऱ्यांनी धान्य, वैरण ओढून नेली आणि दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळात माणसं मेली ती पुणे-नगर जिल्ह्यांतली, म्हणजे यशवंतरावांच्या स्वतःच्या जन्मगावच्या आसपासची. मार्च १८०३ मध्ये ते पुणे सोडून गेले, एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात शिरला, १३ मे रोजी बाजीराव इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात गादीवर बसला.

दुसरी चूक लगेच पाठोपाठ. १८०३ च्या ऑगस्टपासून शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढत होते. २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. उत्तरेत दिल्ली आणि लासवारी. यशवंतराव बाजूला उभे राहिले. भावाला मारणाऱ्या, इंदूर लुटणाऱ्या शिंद्यांसाठी तलवार उपसायची त्यांची तयारी नव्हती, हे माणूस म्हणून समजतं. सेनापती म्हणून ते अक्षम्य आहे. १८०५ साली प्रशियाने ऑस्ट्रियाच्या बाबतीत हेच केलं, एक साल थांबली आणि १८०६ मध्ये एकटी चिरडली गेली. यशवंतरावांची वेळ १८०४ च्या एप्रिलमध्ये आली. आर्थरचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल वेलस्ली याने होळकरांविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा शिंदे आणि भोसले आपापले तह करून मोकळे झाले होते.

आपली असई होणार नाही याची काळजी मात्र त्यांनी घेतली. शिंद्यांनी कवायती पायदळ आणि तोफा इंग्रजांसमोर मांडून लढाई दिली होती आणि ते हरले होते. यशवंतरावांनी ठरवलं, की शत्रूच्या पायदळाला पायदळ देऊच नये. त्याला आत ओढावं, त्याची रसद तोडावी, आणि पावसाची वाट पाहावी. लढाई सुरू होण्याआधी त्यांनी आपल्या इंग्रज अधिकाऱ्यांना विचारलं, कंपनीशी लढाल का? विकर्ससह तिघांनी नकार दिला. तिघांची डोकी उडवण्यात आली. क्रूर होतं ते.

उत्तरेतल्या इंग्रजी फौजेचा प्रमुख जनरल लेक याने कर्नल मॉन्सनला शिपायांच्या पाच पलटणी आणि हंगामी स्वार देऊन होळकरांच्या पाठलागावर धाडलं. मॉन्सन मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून माळव्याच्या तोंडाशी आला, हिंगलाजगड घेतला आणि आणखी पुढे सरकला. रसद जवळजवळ संपली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की यशवंतराव सगळ्या फौजेनिशी चंबळ ओलांडून येत आहेत. गुजरातेतून येणारी दुसरी इंग्रजी फौज मागे वळल्याचंही कानावर आलं. मॉन्सनने माघार घ्यायचं ठरवलं, आणि तेच यशवंतरावांना हवं होतं. मागे ठेवलेल्या ल्युकनच्या स्वारांना त्यांनी पहिल्यांदा गाठलं आणि संपवलं. त्यानंतर जवळपास दोन महिने इंग्रजी फौज चालत होती आणि होळकरांचे स्वार तिच्या दोन्ही अंगांना होते.

पाऊस लागला होता. माळव्याची आणि हाडौतीची काळी माती पावसात काय होते ते विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. तोफांची चाकं आसापर्यंत रुतली. जुलैच्या मध्यास मॉन्सनला तोफांच्या कान्यांत खिळे ठोकून त्या चिखलात सोडून द्याव्या लागल्या. कोट्याच्या झालिमसिंगाने गावात घ्यायला नकार दिला. चंबळ फुगलेली, उतरायला नावा नाहीत. सोबतीला दिलेली शिंद्यांची तुकडी बापूजी शिंद्यांसह होळकरांना जाऊन मिळाली. २४ ऑगस्टला बनास नदी उतरताना मागे राहिलेल्यांची कत्तल झाली. ३१ ऑगस्टला मॉन्सन आग्र्याला पोचला तेव्हा सोबत तोफ एकही नव्हती आणि पलटणींना पलटणी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. असईचा डंका वाजून वर्षही झालं नव्हतं. पुढे वॉटर्लू जिंकणारा आर्थर वेलस्ली या माघारीकडे फार गांभीर्याने पाहत असे. पावसाळा, नद्या आणि रसद यांचा विचार न करता पुढे जाऊ नये, हा धडा त्याने त्यातून काढला.

कार्लचं आस्पर्न डॅन्यूबच्या पुरावर उभं होतं: फुगलेल्या नदीने नेपोलियनचा पूल पुनःपुन्हा तोडला आणि कार्लने नेमक्या त्या वेळी हल्ला चढवला. चंबळ-बनासचा पूर यशवंतरावांनी तसाच वापरला. फरक इतकाच, की आस्पर्नच्या मागे एक राज्य होतं आणि मुकुंदऱ्याच्या मागे फक्त एक माणूस.

तो फरक पुढच्या चार महिन्यांत उघडा पडला. ऑक्टोबरात यशवंतरावांनी दिल्लीला वेढा दिला. आंधळा बादशहा शाह आलम हाती आला असता तर सगळ्या हिंदुस्थानात त्या घटनेचा अर्थ वेगळा झाला असता. इंग्रज अधिकारी ऑक्टरलोनीने थोड्याशा शिपायांनिशी शहराची पडकी तटबंदी लढवली, लेक जवळ आला आणि वेढा उठला. दरम्यान दख्खनेत नाशिककडचा चांदवडचा किल्ला आणि माळव्यात इंदूर इंग्रजांनी घेतलं होतं, म्हणजे पैसा येण्याची दारं बंद झाली. १३ नोव्हेंबरला डीगजवळ त्यांचं पायदळ हरलं. चारच दिवसांनी फर्रुखाबादला, अंतरं चालून जाण्यात लेकही कमी नाही हे सिद्ध झालं: एका दिवसरात्रीत सुमारे सत्तर मैल कापून त्याने होळकरांच्या झोपलेल्या छावणीवर पहाटे झडप घातली. शत्रूला बेसावध गाठणारा माणूस स्वतः बेसावध सापडला तो एकदाच, पण पुरेसा.

भरतपूरच्या जाट राजाने, रणजितसिंगाने, त्यांना आसरा दिला आणि त्याची किंमत लेकने मोजली. जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये भरतपूरच्या मातीच्या तटावर इंग्रजांनी चार हल्ले केले, चारही फसले, तीन हजारांवर माणसं कामी आली वा जखमी झाली. पण एप्रिलमध्ये राजानेही तह केला. मग यशवंतराव उत्तरेला, पंजाबात गेले. अमृतसरला तरुण महाराजा रणजितसिंगांना भेटले, मदत मागितली. शीख सरदारांनी विचार करून नको म्हटलं. अफगाण सरहद्द त्यांना जवळची होती आणि लेक बियासवर येऊन उभा होता.

इथे नशिबाने एक वळण घेतलं. खर्चाने आणि भरतपूरच्या अपयशाने हैराण झालेल्या कंपनीने गव्हर्नर जनरल वेलस्लीला परत बोलावलं होतं. त्याच्या जागी आलेला कॉर्नवॉलिस ऑक्टोबरात गाझीपूरला वारला आणि त्यानंतर गव्हर्नर जनरल झालेल्या बार्लोला फक्त युद्ध थांबवायचं होतं. राजघाटच्या तहात यशवंतरावांनी चंबळेच्या उत्तरेकडचे हक्क सोडले, पण दक्षिणेकडचा मुलूख परत मिळाला. वसईच्या तहासारखी तैनाती फौज त्यांच्या गळ्यात पडली नाही. काही महिन्यांत टोंक-रामपुराही परत देण्यात आला. शिंदे, भोसले, पेशवे या तिघांपेक्षा हरलेल्या होळकरांना बऱ्या अटी मिळाल्या. शेवटपर्यंत लढल्याचं हे बक्षीस नव्हे तर काय?

नंतरची गोष्ट दुःखाची आहे. माळव्यात परतून त्यांनी भानपुरा इथे तोफांचा कारखाना काढला. स्वतः भट्टीपाशी उभं राहून तोफा ओतवल्या, पलटणींना रोज कवायत दिली. नव्या लढाईची तयारी चालली होती, यात शंका नाही. कार्ल व्हिएन्नात नेमकं हेच करत होता, त्याच वर्षांत. पण १८०८ पासून यशवंतरावांच्या डोक्यावर परिणाम दिसू लागला, पुढे तर त्यांना बांधून ठेवावं लागे. कारभार त्यांच्या सहचारिणी तुळसाबाईंच्या हाती गेला. ऑक्टोबर १८११ च्या अखेरीस भानपुऱ्यालाच त्यांचा अंत झाला. वय चौतीस. तिथे त्यांची छत्री आहे. २० डिसेंबर १८१७ रोजी तुळसाबाईंचा खून झाला आणि दुसऱ्याच दिवशी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. त्यात भानपुऱ्यात ओतलेल्या तोफाही गेल्या. अमीरखान तोवर इंग्रजांशी तह करून टोंकचा नबाब झाला होता.

कार्ल १८४७ पर्यंत जगला, आणि व्हिएन्नाच्या मध्यवर्ती चौकात झेप घेणाऱ्या घोड्यावरचा त्याचा पुतळा आजही उभा आहे. ज्याच्या पलायनातून हे सगळं सुरू झालं तो दुसरा बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमला शरण गेला. आठ लाखांची सालीना पेन्शन घेऊन तो कानपूरजवळ बिठूरला राहिला आणि १८५१ साली वारला, यशवंतरावांनंतर चाळीस वर्षांनी.